परदेशात नर्सिंग करताना जिवाला घोर लागला तर काय करायचं

पहाटेचे साडेतीन वाजले होते, बे मधले (वॉर्डच्या आमच्या भागातले) लाइट बंद, मी औषधांच्या खोलीत ड्रग चार्ट हातात धरून उभी होते आणि समोरची अक्षरं दिसत होती पण डोक्यात शिरत नव्हती. हात गार पडलेले, छातीत धडधड, आणि मनात एकच, आपण काहीतरी चुकवलंय. काहीही चुकलं नव्हतं, मी तीनदा बघितलं होतं. मिरजेला आठ वर्षं आयसीयू केलेली मी, व्हेंटिलेटरवरचे पेशंट एकटीने सांभाळलेले, पण असं कधी झालं नव्हतं. इंग्लंडला येऊन तेव्हा पाचवा महिना चालू होता.

आता चौथं वर्ष आहे, आणि मधल्या काळात आमच्या हॉस्पिटलला नव्याने आलेल्या बऱ्याच मुलींसोबत आणि ब्रदर लोकांसोबत मी ब्रेक रूममधे बसलेय, त्यांचं ऐकलंय, त्यामुळे जे कळलं ते नीट लिहून काढतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपण सगळ्यालाच "टेन्शन आलंय" म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली चार पाच वेगवेगळ्या भीत्या असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. व्हिसाच्या भीतीवर दीर्घ श्वास घेऊन काही होत नाही, आणि एकटेपणावर एचआरला मेल करून काही होत नाही. चुकीचा उपाय केला की वाटतं आपल्यालाच जमत नाहीये, मग अजून भीती वाटते.

मी यूके आणि एनएचएसबद्दलच (इथली सरकारी आरोग्यसेवा) लिहितेय कारण मला तेवढंच माहितीये. गल्फला किंवा जर्मनीला असाल तर नियम आणि फोन नंबर तुमच्याकडचे शोधा, बाकीची पद्धत चालेल.

आधी सात दिवस वहीत लिहा

एक छोटी वही घ्या, युनिफॉर्मच्या खिशात मावेल अशी. ज्या ज्या वेळी पोटात गोळा आला, धडधडलं, झोप उडाली, त्या वेळी तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठे होते, आणि डोक्यात नेमकं कुठलं वाक्य चाललं होतं. वाक्य मराठीतच लिहा, जसं आलं तसं. माझ्या वहीत "ती सिस्टर माझ्याकडे बघून दुसरीशी काय बोलली" असं होतं, "अण्णांचा फोन का नाही उचलला" असं होतं, "हप्ता कापला जाईल आणि खात्यात पैसे नाहीत" असं होतं. पेशंटचं नाव, बेड नंबर, आजार यातलं काहीही लिहायचं नाही, वही बसमधे विसरली तर तो वेगळाच प्रॉब्लेम होईल.

सात दिवसांनी प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका, क म्हणजे काम, भ म्हणजे भाषा, प म्हणजे पैसे आणि व्हिसा, घ म्हणजे घर, झ म्हणजे झोप. मला वाटत होतं मला कामाचीच भीती वाटते, पण वही मोजली तर सोळापैकी अकरा नोंदी सलग तीन नाईट संपल्यानंतरच्या दोन दिवसातल्या होत्या. म्हणजे निम्म्याच्या वर प्रश्न झोपेचा होता आणि मी मात्र स्वतःला नालायक समजून रडत होते.

त्याच वेळी जीएडी-७ पण भरून टाका, आपण पेशंटकडून भरून घेतो तोच चिंता मोजायचा फॉर्म, सात प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३. बेरीज १० किंवा वर आली तर घरगुती उपायांवर थांबू नका, खाली जीपीबद्दल (इथला फॅमिली डॉक्टर) लिहिलंय ते करा. नर्स लोकांची वाईट सवय म्हणजे आपण उत्तरं कमी करून लिहितो, कारण आकड्याचा अर्थ आपल्याला माहिती असतो. खरं लिहा, कोणी बघणार नाहीये.

धडधड सुरू झाली त्या मिनिटाला

पेशंटजवळ असाल तर आधी पेशंट सेफ करा, बेड खाली, रेल बघा, बेल हातात द्या, आणि शेजारच्या नर्सला म्हणा "कॅन यू वॉच माय बे फॉर फाइव्ह मिनिट्स". कारण सांगायची गरज नाही, इथे सगळेच एकमेकांना असं म्हणतात. मग स्लूसमधे (बेडपॅन धुवायची खोली) नाहीतर स्टाफ टॉयलेटमधे जा.

नाकाने चार मोजत श्वास आत, तोंडाने सहा मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब हवा, कारण श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे हार्ट रेट उतरतो, हे आपण फिजिऑलॉजीत शिकलोय पण स्वतःवर कधी वापरत नाही. घाबरल्यावर आपण उलटं करतो, आत आत ओढत राहतो, मग बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात आणि वाटतं आता काहीतरी होणार. त्यापेक्षा चार आत, सहा बाहेर असं पाच मिनिटं करा. मनगटावर गार पाणी सोडा. डोकं तरीही थांबत नसेल तर समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मराठीत म्हणा, बादली, नळ, टॉवेल, पिवळी पिशवी, घड्याळ. मराठीतच म्हणा, माझं इंग्लिशमधे म्हणून काही झालं नव्हतं, "बादली" म्हटल्यावर मात्र आपल्या घरात उभं असल्यासारखं वाटलं.

पॅनिकची लाट साधारण दहा मिनिटात चढते आणि मग उतरायला लागते. उतरणार आहे हे माहिती असलं की निम्मं काम होतं.

पण पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल तर "पॅनिकच असेल" असं स्वतःचं स्वतः ठरवू नका. इन्चार्जला सांगा, ईसीजी काढून घ्या, घरी असाल तर ९९९, इथला इमर्जन्सी नंबर. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ हे पण जीपीला बघायला सांगा, आपल्याकडच्या शाकाहारी मुलींमधे बी-१२ आणि रक्त कमी असणं काही नवीन नाही आणि त्यानेही धडधडतं.

कामाची भीती, म्हणजे "माझ्या हातून चूक होईल"

ही भीती बहुतेकांना असते, आणि त्याचं कारण आपण अडाणी आहोत हे नाही. इथे काम करायची रीतच वेगळी आहे. आपल्याकडे पेशंटसोबत नातेवाईक असतो, तो भरवतो, अंग पुसतो, बेडपॅन देतो, रात्री तोच उठून सांगतो की सिस्टर बाबांना श्वास लागतोय. इथे ते सगळं आपण आणि एचसीए, म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट. आपल्याकडे डॉक्टर सर म्हणाले की झालं, इथे नर्सनेच विचारायचं असतं की हा डोस बरोबर आहे का, आणि न विचारणं ही चूक धरली जाते. आणि नाव बघा, मिरजेला मला सगळे सिस्टर म्हणायचे, इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची सीनिअर, त्यामुळे पहिला महिनाभर कोणी सिस्टर म्हटलं की मी वळून बघायचे आणि मग ओशाळायचे. रोज दहा वेळा अशा बारीक गोष्टी बदलल्या की माणूस दमतो.

सगळ्यात जास्त घोर असतो तो "डॉक्टरला आत्ता बोलवू का नको, उगीच बोलवलं तर ओरडतील". याच्यावर माझा एकच उपाय आहे, मनाला विचारू नका, न्यूज-२ च्या, म्हणजे बीपी, पल्स, श्वास वगैरेंवरून काढायच्या स्कोअरच्या, आकड्याला विचारा. स्कोअर ५ झाला की अर्जंट रिव्ह्यू, ७ किंवा वर गेला की इमर्जन्सी, आणि कुठल्याही एकाच गोष्टीला ३ आले तरी कळवायचं. स्कोअर सांगितल्यावर कोणी ओरडलं तर तो त्यांचा प्रश्न, तुमचा नाही, तुम्ही वेळ आणि नाव नोट्समधे लिहिलेलं असतं. स्कोअर कमी असून पेशंट "बरा दिसत नाहीये" असं वाटलं तरी सांगा, "आय ॲम वरीड अबाउट धिस पेशंट" हे वाक्य इथे ऐकून घेतलं जातं. आणि कार्डिॲक अरेस्टसाठी २२२२ हा नंबर इथल्या बहुतेक हॉस्पिटल्समधे सारखाच असतो, तो पाठ ठेवा, मग वॉर्ड बदलला तरी हात थरथरत नाही.

आता खरंच चूक झाली तर. माझ्या हातून झाली, सहाव्या महिन्यात. संध्याकाळी सहाचं रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं राहिलं, त्या वेळी बाजूच्या बे मधे पेशंट पडला होता आणि मी तिकडे धावले. हँडओव्हरला नाईटच्या नर्सने चार्ट उघडला आणि तो रिकामा चौकोन दिसला. माझ्या पायातलं बळच गेलं. मला वाटलं आता पिन (इथलं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन) जाणार, व्हिसा जाणार, परत जावं लागणार. झालं काय, तर डॉक्टरला कळवलं, त्यांनी सांगितलं आत्ता द्या, पेशंटला सांगितलं की उशीर झाला त्याबद्दल सॉरी, ते आजोबा म्हणाले "नो हार्म डन लव्ह", आणि डेटिक्स, म्हणजे घटनेचा रिपोर्ट, भरलं. दोन आठवड्यांनी मॅनेजरने बोलावून विचारलं की त्या वेळी बे मधे किती स्टाफ होता, आणि फॉलच्या वेळी औषधांची जबाबदारी दुसऱ्याकडे द्यायची असं ठरलं. बस.

डेटिक्स म्हणजे आपल्याकडचा मेमो नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. मेमो माणसावर असतो, डेटिक्स घटनेवर असतं. चूक सांगितली म्हणून नोकरी जात नाही, लपवली तर मात्र खरा धोका असतो कारण मग प्रश्न प्रामाणिकपणाचा होतो आणि एनएमसी (नर्सचं रजिस्ट्रेशन बघणारी इथली संस्था) तिथे सोडत नाही. म्हणून क्रम पाठ करा: पेशंट बघा, इन्चार्जला सांगा, डॉक्टरला सांगा, पेशंटला सांगा, नोट्समधे लिहा, डेटिक्स भरा, आणि घरी जाऊन एका माणसाशी बोला. हे शेवटचं सोडू नका.

शिफ्ट संपल्यावर डोक्यात परत परत तेच चालतं, हे दिलं का ते लिहिलं का. त्यासाठी निघायच्या आधी पाच मिनिटं हँडओव्हर शीटवर बोट ठेवून एकेक बेड वाचा, औषधं, फ्लुइड चार्ट, सह्या, आणि मग शीट कॉन्फिडेन्शियल डब्यात टाका. डब्यात कागद पडला की स्वतःला मोठ्याने म्हणा, "दिलं". मी अजूनही म्हणते. तरी घरी गेल्यावर काही आठवलंच तर वॉर्डला फोन करा, एका मिनिटाचं काम आहे, रात्रभर कुढण्यापेक्षा बरं.

ज्यांची ऑस्की (एनएमसीची प्रात्यक्षिक परीक्षा) राहिलीये त्यांच्यासाठी दोनच ओळी. दहा स्टेशनं आहेत आणि फी ७९४ पाऊंड, त्यामुळे छातीवर दगड असणारच, पण एखाद दुसरं स्टेशन गेलं म्हणजे सगळी परीक्षा परत असं नसतं, गेलेली स्टेशनं परत देता येतात. आधीच्या रात्री नवीन काही वाचू नका, हात धुण्यापासून बोलत बोलत एक स्टेशन करा आणि झोपा.

भाषेची भीती

आपलं इंग्लिश वाईट नसतं, आयईएलटीएस नाहीतर ओईटी पास होऊनच आलोय ना. प्रॉब्लेम वेगळाच असतो, आजी म्हणते "आय नीड टू स्पेंड अ पेनी" आणि तिला बाथरूमला जायचंय हे आपल्याला कळत नाही, कोणी आजारी वाटतंय म्हणून "पूअर्ली" म्हणतं, कोणी "ऑलराइट?" विचारतं आणि आपण थांबून तब्येत सांगायला लागतो तोवर ते पुढे गेलेले असतात. असे शब्द खिशातल्या वहीच्या मागच्या पानावर लिहा, महिन्याभरात सरावाचे होतात.

फोन सगळ्यात अवघड, कारण तोंड दिसत नाही. फोन लावायच्या आधी एसबारचे चार मुद्दे कागदावर लिहा: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चौथा मुद्दा आपण नेहमी गाळतो, भिडेपोटी. "प्लीज कम अँड सी द पेशंट विदिन थर्टी मिनिट्स" असं स्पष्ट म्हणा, इथे ते उद्धटपणाचं नाही. नाही कळलं तर "सॉरी, से दॅट अगेन प्लीज, आय वॉन्ट टू गेट इट राइट", आणि डोस असेल तर आकडा आकडा वाचून दाखवा, फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, वन फाइव्ह, फाइव्ह झिरो असं म्हणा.

कोणी मुद्दाम उच्चारावर हसत असेल, किंवा पेशंट "हिला हात लावू देऊ नका" म्हणत असेल, तर तो भाषेचा प्रश्न नाही, तो वर्णद्वेष आहे. बाजूला व्हा, इन्चार्जला सांगा, डेटिक्स करा, एकटीने परत त्या बेडकडे जाऊ नका. ऑगस्ट २०२४ च्या दंगलीत संडरलंडला दोन फिलिपिनो नर्स कामावर निघालेल्या असताना त्यांच्यावर हल्ला झाला, त्या आठवड्यात आम्ही सगळ्याजणी ग्रुप करून घरी जायचो आणि घरी पोचल्यावर मेसेज टाकायचो. ती सवय आम्ही अजून ठेवलीये, लेट शिफ्टनंतर "पोचले" असा एक शब्द. वॉर्डमधेच तक्रार दाबली जात असेल तर एनएचएस ट्रस्टमधे फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन असतात, त्यांना मॅनेजरच्या परवानगीशिवाय भेटता येतं.

पैसे आणि व्हिसा

इथे श्वासाबिसाचा उपयोग नाही, इथे कागद काढायचे. ऑफर लेटर, कॉन्ट्रॅक्ट, रिपेमेंटचा क्लॉज, कर्जाचा हप्ता, सगळं एका फाइलमधे. रात्री दोन वाजता मनात आकडे फिरतात ते खऱ्यापेक्षा मोठे असतात, मन चिंती ते वैरी न चिंती. कागदावर मांडलं की निदान किती आहे ते कळतं.

काही नियम माहिती असले की घोर कमी होतो. आजारपणाची रजा घेतली म्हणून व्हिसा जात नाही, विनापगार ४ आठवड्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर स्पॉन्सरशिपचा (नोकरी देणाऱ्याने व्हिसासाठी दिलेल्या हमीचा) प्रश्न येतो पण आजारपण त्यातून वगळलेलं आहे. एनएचएसच्या अजेंडा फॉर चेंज (पगार आणि रजेचे ठरलेले नियम) कॉन्ट्रॅक्टवर पहिल्या वर्षातही १ महिना पूर्ण पगार आणि २ महिने अर्धा पगार सिक लीव्ह मिळते, आणि पहिल्या ७ दिवसांना डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत नाही. नोकरी सुटली तर साधारणपणे ६० दिवस मिळतात नवीन स्पॉन्सर शोधायला. नोकरी सोडल्यावर पैसे परत मागायचा क्लॉज असला तरी इंटरनॅशनल रिक्रूटमेंटच्या कोडप्रमाणे ती रक्कम आधी स्पष्ट सांगितलेली आणि झालेल्या खर्चाच्या प्रमाणात हवी, कोणीही मनाला येईल तो आकडा टाकून धमकी देऊ शकत नाही. अशी धमकी आली तर एकटीने उत्तर लिहू नका, युनियनकडे जा. आरसीएन असो की युनिसन, पण मेंबर आधीच व्हा, प्रॉब्लेम झाल्यावर मेंबर झालात तर त्या जुन्या केसला सहसा मदत मिळत नाही.

मे २०२५ मधे सरकारने कायमच्या वास्तव्यासाठी ५ ऐवजी १० वर्षं करायचा प्रस्ताव मांडला तेव्हापासून आमच्या ग्रुपवर रोज काहीतरी फॉरवर्ड येतं आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. मी रविवारी एकदाच सरकारच्या वेबसाइटवर बघते, बाकी सहा दिवस कोणी पाठवलं तरी उघडत नाही. नियम माझ्या बघण्याने बदलणार नाही, झोप मात्र जाते.

घरून पैशाची मागणी हा वेगळा विषय आहे, पाऊंड ऐकलं की चुलत मामाला पण आपली आठवण येते. महिन्याची एक तारीख आणि एक रक्कम ठरवा, घरी सांगून टाका, आणि भाडं, टॅक्स, पेन्शन कापून हातात किती येतं ती पेस्लिप एकदा घरच्यांना दाखवा. लाजू नका. माझ्या भावाने स्लिप बघितल्यावरच त्याला कळलं.

घरची काळजी

नाईटचा ब्रेक तीनला असतो, हिवाळ्यात तेव्हा गावाकडे साडेआठ वाजलेले असतात, आईचा चहा झालेला असतो, त्यामुळे मी तेव्हाच फोन करायचे. एकदा सलग चार दिवस आईच बोलली, अण्णा अंघोळीला गेलेत, अण्णा शेतात गेलेत, अण्णा झोपलेत. पाचव्या दिवशी मागे मॉनिटरचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. अण्णांना न्यूमोनिया झाला होता, चार दिवस ॲडमिट होते, आणि मला सांगितलं नव्हतं कारण "तू तिकडे एकटी, उगीच जिवाला घोर". अण्णा बरे झाले, पण मला मात्र त्यानंतर दोन महिने प्रत्येक फोन खोटा वाटायचा.

आणि मी तरी काय करत होते, मी पण रोज म्हणायचेच ना, मी मजेत आहे, जेवले, थंडी नाही फार.

तर आम्ही ठरवलं ते असं, आणि तुम्ही पण येण्याआधीच ठरवा. भावंडांपैकी किंवा जवळच्यांपैकी एकाने खरं सांगायचं, माझ्या बाबतीत माझी वहिनी. ॲडमिट केलं, ऑपरेशन ठरलं, पडले, या तीन गोष्टी त्याच दिवशी सांगायच्या, मी ड्युटीवर असले तरी मेसेज टाकायचा. सर्दी खोकला नाही सांगितला तरी चालेल. आई अण्णांच्या गोळ्यांचा फोटो, रिपोर्ट, फॅमिली डॉक्टरचा नंबर एका फोल्डरमधे. जाण्यायेण्याच्या तिकिटाएवढे पैसे वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. पासपोर्ट नवीन केला असेल तर ई-व्हिसाच्या अकाउंटला तो जोडलाय का ते आत्ताच बघा, घाईत विमानतळावर अडकायला नको. आणि वॉर्ड मॅनेजरला आधीच विचारून ठेवा की घरी काही झालं तर कम्पॅशनेट लीव्ह कशी मिळते, कोणाला फोन करायचा.

माझ्या बाजूने मी एवढंच बदललं की "मजेत" म्हणायचं बंद केलं. आईला आता सांगते, आज दमले, आज एक पेशंट गेला म्हणून वाईट वाटतंय, आज काही नाही झालं. ती म्हणते जेव आणि झोप. तिलाही बरं वाटतं, निदान तिला काहीतरी सांगता येतं. घरच्यांचीच झोप उडाली असेल तर भारतात टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तो त्यांना देऊन ठेवा.

नाईट, झोप आणि अंधार

माझ्या वहीतला हाच सगळ्यात मोठा हिस्सा होता म्हणून सांगते, आधी हे दुरुस्त करा, बाकीच्या भीत्या आपोआप थोड्या लहान होतात. पहाटे दोननंतर चहा कॉफी बंद, कॅफिनचा अर्धा भाग पाच तासांनीही अंगात असतो. सकाळी घरी जाताना गॉगल, लोक बघतात, बघू दे. खोलीला जाड काळा पडदा, नसेल तर आधी खिडकीला काळा कागद लावा. फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरी स्पष्ट सांगा की भारतातल्या दुपारी मी झोपलेली असते. रात्री जड जेवण साडेबारा एकच्या आत, नंतर भूक लागली तर केळं, दही, थर्मासमधलं गरम सार. शेवटच्या नाईटनंतर दुपारी उठा, दिवसभर झोपू नका, नाहीतर पुढच्या दोन रात्री छताकडे बघत जातात. आणि झोप डोळ्यावर असताना गाडी चालवू नका, अजिबात.

डिसेंबरमधे इथे साडेसात आठ तासच उजेड असतो, लाँग डे, म्हणजे लांब दिवसपाळी, असली की अंधारात जायचं अंधारात यायचं. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्या असं एनएचएस सगळ्यांनाच सांगतं आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असं सांगतं. ब्रेकमधे पंधरा मिनिटं बाहेर उजेडात चाला, पाऊस असला तरी.

जीपीकडे जायला घाबरू नका

आल्या आल्या जीपीकडे नाव नोंदवा, त्यासाठी पत्त्याचा पुरावा नसला तरी नाही म्हणता येत नाही. आपल्याला वाटतं एन्झायटी लिहिलं गेलं की हॉस्पिटलला कळेल, होम ऑफिसला (व्हिसा बघणारं सरकारी खातं) कळेल, पिन जाईल. जीपी तुमच्या मॅनेजरला फोन करत नाही. एनएमसीचं म्हणणं एवढंच असतं की तब्येतीची काळजी घेऊन तुम्ही सेफ काम करताय ना, उपचार घेणं हे त्याच्या बाजूचंच आहे. इंग्लंडमधे एनएचएस टॉकिंग थेरपीजला तर जीपीशिवाय स्वतःच ऑनलाइन नाव देता येतं. तिथे सीबीटी सुचवतात, नाव ऐकून आपल्याला एनएमसीची त्याच नावाची परीक्षा आठवते पण ही वेगळी, विचार आणि वागणं हळूहळू बदलायची थेरपी. दुभाषी मागता येतो. याशिवाय हॉस्पिटलचं ऑक्युपेशनल हेल्थ (स्टाफच्या तब्येतीचा विभाग) आहे, आरसीएनच्या मेंबरना काउन्सेलिंग आहे.

गावाहून येताना कोणाच्या तरी अल्प्राझोलमच्या पट्ट्या आणू नका, मैत्रिणीचं प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका, दमा असेल तर ते जिवावर बेतू शकतं. स्वतःची औषधं चालू असतील तर डॉक्टरचं पत्र सोबत आणा. आणि वॉर्डच्या स्टॉकमधली एक गोळी सुद्धा, कितीही त्रास होत असला तरी, नाही.

जगावंसं वाटत नाही, उठूच नये असं वाटतं, असे विचार यायला लागले तर पुढची शिफ्ट, पुढची सुट्टी कशाचीच वाट बघू नका. १११ (एनएचएसची हेल्पलाइन) लावा आणि मेंटल हेल्थचा पर्याय निवडा, चोवीस तास आहे. समॅरिटन्सचा ११६ १२३ फ्री आहे, रात्री तीनला पण माणूसच उचलतो. बोलवत नसेल तर ८५२५८ वर शाउट (SHOUT) असा मेसेज करा. जीवाला आत्ता धोका असेल तर ९९९. आणि सोबतच्या मुलीमधे हे दिसलं, तर तिला सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने विचार येत नाहीत, उलट तिला बोलायला जागा मिळते, आणि मग तिला एकटं सोडू नका.

माणसं जोडा, आणि सुट्टीचं आत्ता बघा

मल्याळी मुलींकडून मी एक शिकले, नवीन मुलगी येणार कळलं की त्या आधीच तिच्या खोलीत तांदूळ, कुकर, ब्लँकेट नेऊन ठेवतात. आपण मराठी नर्स इथे कमी आहोत, विखुरलेल्या आहोत, त्यामुळे आपली म्हणून वाट बघत बसू नका, त्यांच्या ओणमला जा, फिलिपिनो मुलींच्या घरी जेवायला जा. मराठी मंडळं पण बऱ्याच शहरात आहेत, लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं आहे. आठवड्यातून एक जेवण कोणासोबत तरी, एवढं धरा. आमच्याकडे गुरुवारी असतं, ज्यांना ऑफ आहे त्या येतात, पिठलं भात होतो, आणि वॉर्डचं बोलणं पहिल्या अर्ध्या तासापुरतंच.

वर्षाला २७ दिवस रजा अधिक ८ बँक हॉलिडे मिळतात पहिली पाच वर्षं, आणि बऱ्याच ठिकाणी रजेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. गणपतीला किंवा दिवाळीला घरी जायचं असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच रिक्वेस्ट टाका, जुलैमधे टाकली तर बाकीच्यांची शाळेची सुट्टी आधीच लागलेली असते. मी यावर्षी ३ एप्रिलला टाकली, चौथ्या दिवशी मंजूर झाली, आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट वहिनीला पाठवला.